सांगून द्यायचं औषध

कुंडल, १४ जून

ती. वीरधवलदादा,

नमस्कार. उभ्यानेच केला आहे. वाकावं इतका राग अजून उतरलेला नाही.

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहिते आहे. नवीन भरती झालास तेव्हा तूच सांगायचास, की युनिटात पत्र आलं की नाव पुकारतात आणि ज्याचं असेल त्याला पुढे होऊन घ्यावंच लागतं. आता देवळालीत सुभेदारसाहेब झालास, त्यामुळे कोणी टेबलावर आणूनही ठेवत असेल. म्हणून पाकिटावर माझं नाव मुद्दाम मोठ्या अक्षरात घातलं आहे. सगळ्या पोरांना कळू दे, साहेबांना एक बहीण आहे.

आधी बातमी. तुझी बहीण कमिटीवर गेली! साखर कारखान्याच्या नाही, घाबरू नकोस. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत मनाच्या आजाराच्या लोकांसाठी काय सोयी असाव्यात, दवाखान्याने काय करावं, घरच्यांनी काय करावं, हे ठरवायला एक समिती नेमली आहे. वरून असं आलं, की नुसते डॉक्टर आणि अधिकारी नकोत, चार रुग्ण आणि चार घरचे लोकही घ्या. माझ्या डॉक्टर अक्षता मॅडमनी माझं नाव सुचवलं. मला विचारून सुचवलं, हेही लिहून ठेवते.

पहिली बैठक सांगलीला झाली. आईने मला नेसवलं कोणतं लुगडं, तर तुझ्या लग्नातली जांभळी पैठणी. मी म्हटलं, अगं, लग्नाला चालले नाही. तर म्हणते, "मग काय दवाखान्यात चाललीस व्हय? कमिटीत चाललीस. नीस गप."

हॉलमध्ये गेल्या गेल्या सत्कार सुरू झाला. आपल्या भागात जन्मलास, तुला वेगळं काय सांगू? चार बायका-माणसं दिसली की आपल्या लोकांचे हात शालीकडे जातात. आम्हा आठही जणांना शाल, नारळ, गुलाबाचं फूल. पुरुषांना वर फेटे. इस्लामपूरचे नाथाजीमामा, ज्यांचा मुलगा आजारी आहे, त्यांचा फेटा इतका घट्ट बांधला की त्यांच्या भुवया वर चढल्या आणि बैठकभर ते आश्चर्यात बसल्यासारखे दिसत होते. फोटो झाले. टाळ्या झाल्या. एक साहेब माझ्याविषयी "एवढ्या संकटातून सावरलेल्या भगिनी" असं बोलले आणि मी डोळे खाली घातले, खरं सांगते, बरं वाटलं.

मग माईकवरचा माणूस म्हणाला, "आता पाहुण्यांनी शेजारच्या खोलीत चहापान करून घ्यावं. समितीच्या कामकाजाला सुरुवात होईल."

नाथाजीमामा लगेच उठले. "चला ताई, च्या घिऊ. हितं आता आपलं काय काम?"

मी त्यांच्या सदऱ्याचं टोक धरलं आणि त्यांना खाली बसवलं. दादा, आपल्याकडे ज्याला बोलू द्यायचं नसतं त्याचा सत्कार करतात. ते वाईट मनाने करतात असंही नाही. शाल दिली म्हणजे मान दिला, आणि मान दिला म्हणजे काम झालं, असं त्यांना मनापासून वाटतं. मी उभी राहिले. पैठणीच्या निऱ्या सावरल्या. म्हटलं, "साहेब, पाहुणे कोण? समितीच्या आदेशात आमची नावं आहेत. आम्ही कामकाजाला आलोय. चहा इथेच पाठवा."

अध्यक्ष साहेब भले गृहस्थ निघाले. त्यांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाले, चुकलं आमचं. खुर्च्या आणल्या, पण भिंतीकडेला मांडल्या. मी माझी उचलून टेबलाला लावली, मग बाकीच्यांनी लावल्या. टेबलावर माझ्यापुढे पाटी ठेवली, 'रुग्ण प्रतिनिधी'. मी शिपायाला म्हटलं, बाबा, डॉक्टरांच्या पाटीवर नाव आहे, माझ्या पाटीवर आजार कशाला? पुढच्या बैठकीत 'रेश्मा' असं लिहून आण.

घरी येऊन आईला सांगितलं. ती आधी घाबरली. "एवढी मोठी माणसं, आन् त्यास्नी उलटं बोललीस?" असं म्हणाली आणि अर्ध्या तासात सगळ्या आळीला सांगून आली. शाल तिनेच ठेवून घेतली आहे. नारळाची बर्फी केली. तुला पाठवली असती, पण माझ्या हातचं तू खाशील की नाही माहीत नाही. टोमणा आहे, कळला असेल.

वहिनींना नमस्कार.

रेश्मा


कुंडल, २१ जुलै

ती. दादा,

उत्तर आलं नाही. यायची अपेक्षाही नव्हती. तरी पोस्टमन दिसला की दुकानातून बाहेर डोकावते. ऑनलाइन अर्जांचं दुकान बरं चाललं आहे. पीक विम्याच्या दिवसांत तर सातबाराचे उतारे काढायला रांग लागते आणि ज्या बायका पूर्वी मला बघून पदर सावरून पलीकडून जायच्या, त्याच आता "रेश्माताई, माझं आधी काढा की" म्हणून गळ घालतात. मी नंबराप्रमाणेच काढते.

आता मुद्द्यावर येते. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या बैठकीत धोरणाचा कच्चा मसुदा वाचला. त्यात एक कलम असं, की रुग्ण औषध घेत नसेल तर घरच्यांनी ते जेवणातून, चहातून, त्याला न सांगता देण्यास हरकत नसावी. सगळ्यांनी माना डोलावल्या. एक डॉक्टर म्हणाले, घरोघरी चालतंच, आपण फक्त लिहितो आहोत.

माझं अंग गरम झालं. मी बोलले. काय बोलले ते तुला माहीत आहे, पण माझ्या तोंडून तू ते कधी ऐकून घेतलं नाहीस, म्हणून इथे लिहिते.

मी सांगितलं, की नवऱ्याने कराडहून मला माहेरी आणून सोडलं, त्या वर्षी विहिरीवरची मोटर माझ्याशी बोलायची. मी विहिरीच्या काठावर उभी होते आणि माझ्या भावाने मला मागून धरून ओढलं. त्याबद्दल त्याचे उपकार आहेत. त्यानंतर त्याने शहरातल्या एका डॉक्टरकडून बिनचवीचे थेंब आणले आणि आईला शिकवलं. दीड वर्ष सकाळच्या चहातून ते मला मिळत होते. मी बरी होत गेले. मला वाटायचं, मी माझ्या जिवाच्या जोरावर बरी होते आहे. केवढी ऐट होती मला त्याची! हात थरथरायचे, वजन वाढलं, ते का हे कळत नव्हतं. मग एके दिवशी शेजारची आत्ती आली, तिने चुकून माझा कप उचलला आणि आईने तो तिच्या हातातून हिसकावला. चहा सांडला. आईचं तोंड बघूनच मला सगळं समजलं.

पुढे मी घरातलं पाणीसुद्धा पिईना. वेगळी चूल मांडली. ज्या आईच्या हातचं खाऊन वाढले तिच्या ताटाकडे बघून मला भीती वाटायची. थेंब गेले, औषध गेलं आणि मी पुन्हा इतकी बिघडले की इस्लामपूरच्या स्टँडवर सापडले. तू रजा टाकून आलास. मी चारचौघांत तुला म्हटलं, तू माझा भाऊ नाहीस, तू विष घालणारा आहेस. त्या दिवसापासून तू बोलत नाहीस.

हे सगळं मी समितीत सांगितलं, फक्त शेवटचं वाक्य सोडून. ते आपल्या घरातलं आहे.

मग हेही सांगितलं, की अक्षता मॅडमनी तीच बाटली माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाल्या, "हेच तुम्ही घेत होता. याने हा फायदा झाला, हा त्रास झाला. त्रास कमी करता येईल. आता तुम्ही ठरवा." मी आठवडाभर ठरवलं नाही. मग घेतलं. आज तीन वर्षं माझ्या हाताने घेते आहे. पहिल्यांदाच मला कोणीतरी विचारलं होतं, दादा.

मी खाली बसले. लगेच एक बाई डोळे पुसत म्हणाल्या, हे कलम काढूनच टाका. दुसरे म्हणाले, ताई म्हणतील तसं. सगळे होच म्हणायला लागले. जिंकले असं वाटून मी पाण्याचा ग्लास उचलला, तोच नाथाजीमामा बोलले.

"ताई, तुमचं समदं बरुबर हाय. पर माझा शिवतेज सांगून घेत न्हाई. दोन-दोन दिस जेवत न्हाई, भिताडाला डोस्कं आपटतो. त्याची आय आमटीत गोळी घालती आन् देवाची माफी मागती. आमी गुन्हेगार व्हय?"

उचललेला ग्लास मी तसाच खाली ठेवला. बाहेर आल्यावर मी त्यांना म्हटलं, मामा, पुढच्या बैठकीत हे नीट मांडा. तर म्हणाले, "न्हाई बा. तुमच्या डोळ्यांत पानी बघून माझी जीभ उचलायची न्हाई."

हेच तर दुखणं आहे. दादा, आजारी पडल्यापासून माझ्याशी कोणी भांडत नाही. आई, वहिनी, गावातले लोक, मी काहीही म्हटलं तरी हो म्हणतात. आधी घाबरून म्हणायचे, आता कौतुकाने म्हणतात. समितीतही तेच. माझं म्हणणं पटलं म्हणून नाही, मी बिचारी म्हणून कलम निघेल. आणि त्या आमटीत गोळी घालणाऱ्या बाईचं काय करायचं हे कोणीच ठरवणार नाही. पुन्हा तिच्या घरात तेच चालेल, फक्त आता ती कायद्यालाही भिईल.

शेवटची बैठक साताऱ्याला आहे, २३ ऑगस्टला. घरच्यांपैकी कोणालाही येऊन बोलायची मुभा आहे. तू ये. माझी बाजू घ्यायला येऊ नकोस. तुझी सांगायला ये. न सांगता औषध का दिलंस, हे तुझ्याइतकं ठासून कोणी सांगणार नाही. लहानपणी विटी-दांडूत तू माझा डाव कधी सोडला नाहीस, मी रडले तरी. आता का सोडतोस?

रेश्मा


कुंडल, १२ ऑगस्ट

ती. दादा,

वहिनींचा आईला फोन आला होता. तू पत्र वाचलंस म्हणे. मग वहिनींना म्हणालास, "तिला काय, माझं कोर्ट मार्शल करायचं हाय काय?" आईने मला हे दबक्या आवाजात सांगितलं. मी हसले, तेव्हा तिला धीर आला.

कोर्ट मार्शल नाही. तसं असतं तर वकील घेऊन ये म्हटलं असतं.

हॉल पोवई नाक्याजवळ आहे. साडेदहाला सुरू होईल. स्टँडवरून रिक्षावाला जास्त सांगेल, तू मिशीवर हात फिरव म्हणजे बरोबर सांगेल. गणवेशात येऊ नकोस, नाहीतर तुझाच सत्कार करत बसतील आणि दिवस वाया जाईल.

आला नाहीस तरी मी बोलणार आहे. तुझं म्हणणंही मीच सांगेन, जमेल तसं. पण ते मी सांगितलं की माझंच होईल. त्यात तुझा तो हट्ट कुठून आणू?

आई विचारते आहे, तू आलास तर तुझ्यासाठी काय देऊ. मी म्हटलं, काही देऊ नकोस, भांडायला रिकाम्या पोटी आलेला बरा. तिने तरी लाडू वळायला घेतले आहेत.

रेश्मा


कुंडल, २५ ऑगस्ट

दादा,

तू चारची गाडी पकडायला उठून गेलास आणि पुढचं तुझं ऐकायचं राहिलं. ते सांगायला बसले आहे.

पण आधी तू होतास तेवढ्याबद्दल. मला तू दारातून येताना दिसलास, पांढरा कडक शर्ट, केस बारीक, आणि माझ्याकडे न बघता घरच्यांच्या रांगेत जाऊन बसलास. अध्यक्षांनी विचारलं, आपण कोण? तू म्हणालास, "सुभेदार वीरधवल. हिला औषध चोरून देणारा मीच." सगळा हॉल तुझ्याकडे वळला. मी पाटीकडे बघत बसले. माझं नाव होतं तिच्यावर, शिपायाने खरंच लिहून आणलं होतं.

मग तू बोललास. "साहेब, माझी भन हिरीच्या काठावर उभी होती. तवा तिला कायदा वाचून दाखवायचा होता व्हय मी? मी दिलं. परत तशी येळ आली तर परत दीन. ती म्हंती ते चुकीचं हाय."

चुकीचं हाय! दादा, समितीतल्या बायका दचकल्या. अध्यक्ष पुढे झुकून हळू आवाजात म्हणाले, "सुभेदारसाहेब, ताईंना त्रास होईल असं..." आणि तू म्हणालास, "तिला कशाचा तरास हुतोय? ती मला पुरून उरंल. बोल गं."

मी उठले. मी काय म्हटलं ते तुला आठवत असेल, पण मला पुन्हा लिहायचं आहे, कारण मला ते फार आवडलं. म्हटलं, "काठावरून ओढलंस ते बरोबर. त्या दिवशी विचारायला वेळ नव्हता. पण मी काठावरून घरात आले, चुलीशी बसले, आळीतल्या पोरांचे अभ्यास घ्यायला लागले, तरी दीड वर्ष तू मला ओढतच होतास."

"सांगितलं असतं तर घेतलं असतंस?"

"पहिल्या महिन्यात नसतं घेतलं. सहाव्या महिन्यात विचारून बघायचं होतंस."

तू खालच्या आवाजात म्हणालास, "भ्या वाटलं. तू न्हाई म्हनशील, आन् मग पुन्ना हीर." आणि रुमाल शोधायला लागलास. मिळेना, तर नाथाजीमामांनी त्यांचा दिला.

नंतर पाऊण तास आपण भांडलो. अध्यक्ष एकदा म्हणाले, हा घरगुती विषय बाहेर मिटवता येईल का? तेव्हा तू आणि मी एकाच वेळी "न्हाई" म्हणालो. तोवर तुझ्या गाडीची वेळ झाली. तू उठलास, आईचे लाडू घेतलेस आणि मला म्हणालास, "अजून पटलेलं न्हाई मला." आणि गेलास.

आता पुढचं. तू गेल्यावर नाथाजीमामा स्वतःहून उभे राहिले. म्हणाले, "आता भाऊ-भन भांडत्यात म्हटल्यावर माझी बी जीभ सुटली." त्यांनी सगळं सांगितलं, आमटीचं, बायकोच्या रडण्याचं, आणि शेवटी म्हणाले, "चोरून द्यायची हौस कुनाला हाय? रातीबेरातीला घरी येऊन त्याला समजावनारा कुनी द्या, आमी चोरायचं सोडतो." त्यावर डॉक्टर मंडळी बोलली. कोणी किती माणसं लागतील ते मांडलं, कोणी हे जमणार नाही म्हणालं. जोरात बोललो आम्ही. माझी दोन म्हणणी पडली. दुपारचा चहा टेबलावरच गार झाला.

शेवटी जे ठरलं ते असं. औषध लपवून द्यायचं नाही. घरचे हतबल झाले तर त्यांनी कळवायचं आणि दवाखान्याचा माणूस घरी यायचा, रुग्णाशी बोलायला, घरच्यांना दोष द्यायला नाही. जीव धोक्यात असेल तेव्हा डॉक्टरांनी तातडीचे उपचार करायचे आणि माणूस शुद्धीवर आला की त्याच दिवशी त्याला सांगायचं, तुला काय दिलं आणि का दिलं. आणि प्रत्येक रुग्णाला, तो बरा असताना, विचारायचं: तू पुन्हा बिघडलास तर काय करू, आणि तेव्हा तुझ्या वतीने कोणी ठरवायचं? तशी तरतूद कायद्यात आहेच, पण आपल्या भागात कोणी कोणाला विचारत नव्हतं. आता विचारावं लागेल. ते वाक्य मी आणि नाथाजीमामांनी मिळून घातलं आहे. मसुद्यात आमचं वाक्य आहे, दादा. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत कुठल्याही घरात ते लागू होईल. मी परत येताना एस.टी.च्या खिडकीशी बसले होते आणि कराड येईपर्यंत मला स्वतःचंच इतकं कौतुक वाटत होतं की कंडक्टरला दोनदा विचारावं लागलं, ताई, कुठं उतरणार.

आज सकाळी सांगलीला अक्षता मॅडमकडे जाऊन आले. म्हटलं, नियम आपणच केला, तर पहिली मीच. त्यांनी विचारलं, पुन्हा बिघडलात तर तुमच्या वतीने कोणी ठरवायचं? आईचं नाव घालू?

मी तुझं नाव सांगितलं.

सभेतलं सगळं मी त्यांना सांगितलंच होतं. मॅडम चष्म्यावरून बघायला लागल्या. "परवा भर सभेत तुम्हाला चूक म्हणाले तेच भाऊ?"

म्हटलं, तेच. बाकी सगळे मला हो म्हणतात. मी शुद्धीवर नसेन तेव्हा मला नाही म्हणणारं माणूस पाहिजे.

तुझी संमती लागते. या वेळी विचारून करते आहे. नाही म्हणायचं असेल तर येऊन, समोर बसून म्हण.

तुझी बहीण,
रेश्मा